मुंबईहून दिल्लीला एका दिवसात जाऊन येणं: कुठली फ्लाइट, किती वाजताची, आणि बरोबर काय न्यायचं

ठाण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: पुढच्या महिन्यापासून महिन्यातून दोन-तीनदा कामासाठी दिल्लीला जायचंय. बैठक सकाळी ११ ला, कॅनॉट प्लेसच्या आसपास. दुपारी साडेचारला काम संपतं, आणि रात्री घरी परत. कुठली एअरलाइन घ्यावी, किती वाजताची फ्लाइट घ्यावी आणि विमानतळावर किती आधी पोचावं?

कंपन्यांच्या माणसांचा असाच प्रवास आखून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही एअरलाइनपासून सुरुवात केलीत, पण या प्रवासात एअरलाइनने फारसा फरक पडत नाही. मुंबई–दिल्ली अंतर साधारण ११५० किलोमीटर, विमान प्रत्यक्ष हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास, आणि ते कोणाचंही विमान घेतलं तरी तेवढंच. तिकिटावर सव्वादोन तास दिसतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर बेपर्यंत, म्हणजे विमान उभं करायच्या जागेपर्यंत, येणं धरलेलं असतं. तुमच्या हातात असलेला वेळ आहे तो दोन्ही टोकांना: घर ते गेट आणि विमानाचं दार ते बैठकीची खोली. तिथे एका चुकीच्या टर्मिनलमुळे पाऊण तास सहज जातो. म्हणून मी आधी टर्मिनल बघतो, मग वेळ, मग त्या वेळेनंतर त्याच कंपनीच्या किती फ्लाइट आहेत ते, आणि शेवटी भाडं.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधीच सांगतो. महिना कुठला आहे यावर बरंच ठरतं. डिसेंबर-जानेवारीतलं दिल्लीचं धुकं आणि जून ते सप्टेंबरचा मुंबईचा पाऊस, या दोन काळांत खालचे बरेच नियम उलटे होतात. दुसरं म्हणजे बैठकीची जागा. कॅनॉट प्लेस असेल तर मेट्रोने काम होतं. गुरुग्राम किंवा नोएडा असेल तर गणित वेगळं. तिसरं म्हणजे सामान. एका दिवसाच्या कामाला चेक-इन बॅग असूच नये, असं धरूनच पुढचं लिहितोय.

आता वेळ उलटी मोजू. ११ च्या बैठकीला १०:४० ला इमारतीत असायला हवं, कारण दिल्लीत सरकारी आणि मोठ्या खासगी कार्यालयांत गेटपास बनवण्यात १५ मिनिटं जातातच. दिल्लीच्या टी-थ्रीवर, म्हणजे टर्मिनल ३ वर, उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोचं स्टेशन टर्मिनलला लागूनच आहे. ती एरोसिटी आणि धौला कुआँ घेऊन शिवाजी स्टेडियमला येते, वीस मिनिटांच्या आत. शिवाजी स्टेडियम म्हणजे बाबा खडकसिंग मार्ग, कॅनॉट प्लेसचं बाहेरचं वर्तुळ तिथून चालत. पुष्कळ लोक सवयीने पुढच्या नवी दिल्ली स्टेशनपर्यंत जातात आणि मग अजमेरी गेटच्या बाजूच्या गर्दीतून रिक्षा शोधत मागे येतात. ते करू नका. गाडीची वाट, सुरक्षा तपासणी आणि चालणं धरून विमानतळाच्या बाहेरच्या दारापासून कॅनॉट प्लेसपर्यंत ४५ मिनिटं धरा. विमान थांबल्यापासून त्या दारापर्यंत आणखी २५ मिनिटं: दहा-बारा मिनिटं विमानातून उतरायला आणि उरलेली चालायला, कारण टी-थ्रीची लांबच्या गेटकडची बाजू खरोखर लांब आहे. म्हणजे विमान ९:३० ला बेवर लागलं तर तुम्ही जेमतेम वेळेवर. त्यात अर्धा तास उशिराचा धरला की तिकिटावरची पोचण्याची वेळ ९ च्या आत हवी. ९ ला पोचणारी फ्लाइट मुंबईहून ६:४५ च्या सुमारास सुटते. मी तुम्हाला ६ ते ६:३० मधली घ्या असं सांगेन.

पहाटेची फ्लाइट सांगण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या मार्गावरचं विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये ३०-३५ मिनिटांचाच वेळ असतो. एका ठिकाणी ४० मिनिटं गेली की तो उशीर पुढच्या प्रत्येक फेरीत सरकत जातो, संध्याकाळपर्यंत वाढतोही. पहाटेचं विमान मात्र रात्रभर मुंबईतच उभं असतं, वैमानिक आणि केबिन क्रू विश्रांती घेऊन आलेले असतात, आणि धावपट्टीवर गर्दी नुकती सुरू झालेली असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरावी लागते. सकाळी सात-साडेसातनंतर उड्डाणांची रांग लागायला लागते आणि तुमच्या विमानाचं दार वेळेवर बंद झालं तरी टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. साडेसातची फ्लाइट घेऊन "फक्त एक तासाचा फरक" म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात दीड तासाचा फरक पडू शकतो.

धुक्याच्या काळात हाच नियम उलटतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत दिल्लीत सगळ्यात दाट धुकं पहाटे ते सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत असतं. दिल्लीत कॅट-थ्री-बी यंत्रणा आहे, तिच्या मदतीने धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असली तरी विमान उतरू शकतं. पण विमान तसं प्रमाणित असावं लागतं आणि दोन्ही वैमानिक त्यासाठी प्रशिक्षित असावे लागतात. शिवाय उड्डाणाला उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते. म्हणजे विमानं उतरतात, पण निघू शकत नाहीत, बे भरतात, मग दिल्ली नवीन विमानं घ्यायचं कमी करते आणि तुम्ही मुंबईतच दार बंद करून बसून राहता. अशा दिवसांत मी दोनच गोष्टी सुचवतो: आदल्या संध्याकाळी, रात्री दहाच्या आत दिल्लीत पोचणारी फ्लाइट, किंवा बैठक दुपारी २ ला ढकलून मुंबईहून ९ च्या पुढची. कंपनी हॉटेलचा खर्च देत नसेल तर बैठक ढकलण्याचा आग्रह धरा. जानेवारीत दिल्लीवाल्यांनाही याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

आता टर्मिनल. मुंबईत टी-वन सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी-टू सहारला. रस्त्याने दोघांत चार-पाच किलोमीटर. दिल्लीत टी-टू आणि टी-थ्री शेजारी-शेजारी, चालत जाता येतं. टी-वन मात्र विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला. एअर इंडिया मुंबईत टी-टू वापरते आणि दिल्लीत टी-थ्री किंवा टी-टू. इंडिगोच्या फ्लाइट दोन्ही शहरांत एकाहून जास्त टर्मिनलवर वाटलेल्या असतात, आणि वेळापत्रक बदललं की वाटणीही बदलते. म्हणून कंपनीचं नाव बघून टर्मिनल गृहीत धरू नका. फ्लाइट नंबरप्रमाणे तिकिटावर बघा आणि आदल्या रात्री पुन्हा बघा. दिल्लीत टी-वनवर उतरलात तर मॅजेंटा लाइनचं स्टेशन आहे, पण हौज खासला गाडी बदलून यलो लाइनने राजीव चौकला यावं लागतं. पाऊण-एक तास धरा. तुमच्या कामाला टी-थ्री किंवा टी-टूवर उतरणारी फ्लाइट हजार रुपये महाग असली तरी तीच घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. गाडी घेऊन जाणारे सकाळी टी-टूला गाडी लावतात आणि परतीची फ्लाइट टी-वनला उतरते. रात्री अकरा वाजता पाठीवर बॅग घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर टॅक्सीने जायचं, मग पार्किंगचे पैसे भरायचे. जाण्या-येण्याची टर्मिनलं वेगळी असतील तर गाडी नेऊच नका.

ठाण्याहून पहाटे टॅक्सीच बरी. पहाटे साडेचारला पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने टी-टूला ४० मिनिटांत पोचता. तोच रस्ता सकाळी आठला दीड तास खातो. मेट्रो ३ ला दोन्ही टर्मिनलांची स्टेशनं आहेत, पण तिची पहिली गाडी सहाच्या आसपासची, म्हणजे जाताना उपयोगाची नाही. परतताना मात्र दिवसा किंवा संध्याकाळी उतरलात तर उत्तम: टी-टू स्टेशनपासून एकच स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो १ ला बदलून घाटकोपर, मग ठाणे लोकल. पावसाळ्यात रस्ते तुंबलेले असताना हा मार्ग टॅक्सीपेक्षा कितीतरी भरवशाचा. रात्री साडेदहानंतर उतरणार असाल तर मेट्रो धरू नका.

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत. ऐरोली-वाशी-बेलापूरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तो जरूर बघावा. ठाण्यातून रस्ता लांबचा पडतो, आणि दिल्लीला दिवसाकाठी किती फेऱ्या आहेत ते बघितल्याशिवाय मी तो रोजच्या कामासाठी सुचवणार नाही. एक फ्लाइट चुकली तर पुढची किती वेळाने, हा प्रश्न तिथे आधी विचारायचा. जाताना नवी मुंबई आणि येताना मुंबई असं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. पहाटेची टॅक्सी आणि रात्रीची टॅक्सी यांतच फरक निघून जातो.

विमानतळावर किती आधी? फक्त हातातली बॅग असेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर देशांतर्गत फ्लाइटला टर्मिनलच्या दारात ७५ मिनिटं आधी. दोन वेळा पाठ ठेवा: बहुतेक कंपन्यांचं काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. तिकिटावरची ६:१५ ही विमान हलण्याची वेळ आहे. तुमच्यासाठी फ्लाइट ५:५० ला सुटते. हातात फक्त बॅग असली तरी काउंटरच्या वेळेआधी आत असणं बरं, कारण बोर्डिंग पासमध्ये काही गडबड निघाली तर ती काउंटरवरच दुरुस्त होते आणि ६० मिनिटांनंतर तिथे कोणी ऐकत नाही. सोमवारची सकाळ, लांब सुट्टीच्या आदला दिवस आणि १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा, यांत आणखी अर्धा तास वाढवा. राष्ट्रीय सणांच्या आधी गेटवरही दुसऱ्यांदा तपासणी होते.

वेब चेक-इन साधारण ४८ तास आधी उघडतं. डिजियात्रा हे चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप वापरा, पहाटेच्या गर्दीत दारावरची आणि सुरक्षेच्या आधीची रांग तिच्यामुळे बरीच कमी होते. पण ती अडते ती ठरावीक जागी. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नसेल तर नाकारलं जातं. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि तिकीट काढणारा ते गाळतो, त्यामुळे हे वारंवार होतं. कंपनीच्या डेस्कला आपलं नाव आधारवर जसं आहे तसं एकदा लिहून द्या. दुसरं, बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकल्यावर तो विमानतळाला पाठवायचा असतो. नुसता टाकून ठेवलेला चालत नाही. वेब चेक-इननंतर जागा बदललीत तर नवा पास पुन्हा टाका. हे सगळं घरी, आदल्या रात्री. आणि मूळ ओळखपत्र खिशात असू द्याच, कारण चेहरा ओळखला नाही तर जवान तेच मागतो.

सुरक्षा तपासणीत वेळ रांगेत जात नाही तेवढा बॅग बाजूला काढली की जातो. एक्स-रेवर बॅग संशयास्पद दिसण्याची कारणं ठरलेली: गुंडाळलेल्या वायरींचा गठ्ठा, पॉवर बँक, स्टीलचा डबा, फोल्डिंग छत्री, आणि एकावर एक ठेवलेली दोन उपकरणं. चार्जर, पॉवर बँक, इअरफोन आणि छत्री या सगळ्यांसाठी एकच पाऊच ठेवा, तो आणि लॅपटॉप बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये. घड्याळ, पट्टा, पाकीट, नाणी रांगेत उभे असतानाच जॅकेटच्या खिशात घालून जॅकेट ट्रेमध्ये. लायटर आणि काडेपेटी चालतच नाही. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच चालत नाही, हातातच लागते, आणि १०० वॉट-तासांच्या आतली असावी. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे ७४ वॉट-तास, म्हणजे चालते. २७,००० च्या वर गेलात की मर्यादा ओलांडली. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर ती जप्त होऊ शकते, तेव्हा जुनी झाली की बदला. विमानात पॉवर बँकेवरून फोन चार्ज करायचा नाही आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, असं हल्ली विमानात सांगतात. गेटजवळच फोन भरून घ्या.

हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा आहे, मापं बहुतेक ठिकाणी ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. लॅपटॉप, चार्जर, एक शर्ट, कागद आणि पाण्याची रिकामी बाटली असं सगळं चार किलोत बसतं. चाकांची बॅग टाळा. विमान भरलेलं असलं की गेटवर चाकांच्या बॅगा आधी काढून घेऊन खाली पोटात टाकतात, आणि मग दिल्लीत पट्ट्यावर २० मिनिटं उभं राहावं लागतं. पाठीवरची बॅग पुढच्या सीटखाली जाते, ती कोणी मागत नाही.

सीट पुढच्या पाच-सहा रांगांतली, आयल म्हणजे मधल्या वाटेकडची. विमान एरोब्रिजला लागलं तर फक्त पुढचं दार उघडतं आणि शेवटच्या रांगेतला माणूस तुमच्यानंतर दहा-बारा मिनिटांनी बाहेर येतो. ए-३२१ या लांब विमानात २२० च्या वर माणसं असू शकतात, तिथे हा फरक आणखी वाढतो. पण विमान लांबच्या बेवर उभं राहिलं आणि बस आली तर पुढच्या सीटचा फायदा संपतो: दोन्ही दारं उघडतात, आणि पहिली बस भरेपर्यंत हलत नाही. बसमध्ये सगळ्यात आत जाऊन बसू नका, दाराशी उभे राहा. पुढच्या सीटचे ३००-५०० रुपये जाताना द्या. रात्री येताना त्यांची काही गरज नाही.

परतीचं तिकीट हा या सगळ्यातला सगळ्यात चुकणारा भाग आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९६१ साली अमेरिकेत ईस्टर्न एअर लाइन्सने बोस्टन–न्यूयॉर्क–वॉशिंग्टन शटल सुरू केली, तेव्हा आरक्षण नव्हतं. विमानतळावर यायचं, बसायचं, आणि विमान भरलं तर कंपनी दुसरं विमान आणायची. आपल्याकडे मुंबई–दिल्लीवर अर्ध्या-अर्ध्या तासाने विमान सुटतं म्हणून लोकांच्या डोक्यात तसंच काहीतरी असतं: "बैठक लांबली तर पुढच्याने जाऊ." पण इथे तुमची जागा एकाच फ्लाइट नंबरवर आहे. पुढच्याने जायचं असेल तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक द्यावा लागतो, आणि संध्याकाळी ६ ते ९ मध्ये तो फरक तिकिटाइतका होऊ शकतो. पुढच्या विमानाने जाण्याची ही सोय आधीच विकत घ्यावी लागते, आणि ती फक्त परतीच्या तिकिटावर घ्यावी. जाताना साधं भाडं, येताना फ्लेक्सी किंवा कंपन्यांसाठीचं भाडं, ज्यात बदलाचं शुल्क कमी किंवा शून्य असतं.

म्हणूनच मी जाण्या-येण्याची दोन वेगळी तिकिटं काढतो, दोन वेगळ्या पीएनआरवर. एकाच पीएनआरवर सकाळची फ्लाइट चुकली तर काही कंपन्या परतीचा भागही रद्द करतात. वेगळ्या तिकिटांना थोडं जास्त पडलं तरी सकाळी एका कंपनीने जाऊन संध्याकाळी दुसरीने येण्याची मोकळीक मिळते, आणि टर्मिनलंही हवी तशी निवडता येतात.

वेळ कुठली? साडेचारला सुटलात तर साडेपाचला टी-थ्रीत. ७ ते ८ मधली फ्लाइट घ्या, आणि अशी निवडा की तिच्यानंतर त्याच कंपनीच्या त्याच रात्री निदान दोन फ्लाइट असतील. शेवटची फ्लाइट कधीही घेऊ नका. दिवसभराचा साठलेला उशीर तिच्यावर येतो, क्रूच्या ड्यूटीचे तास संपत आलेले असतात, आणि ती रद्द झाली तर तुमची सोय उद्या सकाळी. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नोव्हेंबर २०२५ पासून आणखी कडक झाले. त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या, त्याचं मोठं कारण या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक नियोजनात नसणं हे होतं. कंपनीने नंतर कितीही सावरलं तरी रात्रीच्या शेवटच्या फ्लाइटला हा धोका राहतोच.

तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते दुपारी तीन-साडेतीनला बघा. फ्लाइटरडारसारख्या ॲपमध्ये तुमच्या फ्लाइटला कुठलं विमान लावलंय त्याचा व्हीटीने सुरू होणारा नंबर दिसतो, आणि ते विमान आधीच्या फेरीत किती उशिरा आहे तेही. संध्याकाळी सातला दिल्लीहून सुटणारं विमान पाचला अजून बंगळुरूत उभं असेल तर तुम्हाला कंपनीच्या एसएमएसच्या तासभर आधी कळतं, आणि फ्लेक्सी तिकीट असेल तर त्याच वेळी दुसरी फ्लाइट घेता येते. मात्र उशीर दिसला म्हणून बैठकीतून उशिरा निघू नका. कंपनी विमान बदलू शकते, आणि फ्लाइट अचानक वेळेवर आली तर गेट तुमच्यासाठी थांबत नाही.

दुपारीच बघायला सांगतो याला आणखी एक कारण आहे. मुंबईची राजधानी एक्स्प्रेस नवी दिल्ली स्टेशनवरून संध्याकाळी पाचच्या जरा आधी सुटते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास मुंबई सेंट्रलला येते. कॅनॉट प्लेसवरून ते स्टेशन हाकेच्या अंतरावर. मुंबईत ढगफुटीसारखा पाऊस चालू आहे, विमानं अहमदाबादकडे वळवली जातायत, अशा दिवशी दुपारी तीनला निर्णय घेतला तर राजधानीत करंट बुकिंगची जागा मिळण्याची शक्यता असते. साडेपाचला विमानतळावर बसून हा विचार सुचला तर गाडी गेलेली असते. जुलैच्या मध्यात मी प्रवाशांना हे आधीच सांगून ठेवतो. आणि विमान अहमदाबादला उतरवलंच तर आतच बसून राहा. इंधन भरून, पाऊस ओसरल्यावर बहुतेक वेळा तेच विमान मुंबईला येतं.

उशीर झाला तर काय मागता येतं तेही माहीत असू द्या, कारण काउंटरवर स्वतःहून कोणी सांगत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारी फ्लाइट सहा तासांहून जास्त लांबली तर हॉटेल. पुरेशी आधी कल्पना न देता फ्लाइट रद्द केली तर दोन तासांहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी ते. हवामान किंवा हवाई नियंत्रणामुळे रद्द झाली तर ही भरपाई मिळत नाही, पण परतावा मिळतो. कारण काय ते लेखी, ईमेलवर मागा. नंतर वाद झाला तर तेच लागतं.

तुम्हीच फ्लाइट चुकवलीत किंवा तिकीट रद्द केलंत आणि ते परतावा न मिळणारं असलं, तरी विमानतळाचं वापर शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत. रक्कम काहीशे रुपयांची असते म्हणून लोक सोडून देतात. महिन्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याने सोडू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर फ्लाइट नंबर आणि पीएनआर टाकून अर्ज करता येतो.

हिशेबाचं एक काम तिकीट काढतानाच करायचं. तुमच्या कार्यालयाचा जीएसटी क्रमांक आणि नोंदणीकृत नाव बुकिंगच्या वेळी टाका. इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आहे. क्रमांक नंतर जोडून द्यायला बहुतेक कंपन्या तयार नसतात, आणि मग लेखा विभाग तुमच्याच मागे लागतो. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट बसल्या-बसल्या काढून ठेवा, काही ॲपमधून उड्डाणानंतर तो नाहीसा होतो.

थोडक्यात तुमचा दिवस असा बसेल: पहाटे ४:०५ ला ठाण्यातून टॅक्सी, ५ च्या आत टी-टू, ६:१५ च्या आसपासचं उड्डाण, साडेआठला दिल्लीचं टी-थ्री किंवा टी-टू, साडेनऊ-पावणेदहाला कॅनॉट प्लेस. तास-सव्वातास हातात राहतो, तो उशिरासाठी राखलेला. उशीर झाला नाही तर नाश्ता विमानतळावर न करता जनपथच्या बाजूला कुठेतरी निवांत करा, दर निम्म्याहून कमी आहेत. ३:३० ला विमानाची चौकशी, ४:३० ला निघणं, ७:३० चं उड्डाण, पावणेदहाला मुंबई, अकरापर्यंत घर.

बैठकीची जागा बदलून गुरुग्राम झाली तर मेट्रोचा वरचा सगळा भाग सोडून द्या आणि एरोसिटी किंवा टी-थ्रीवरून सरळ टॅक्सी घ्या. सायबर सिटीपर्यंत सकाळी अर्धा-पाऊण तास. नोएडा असेल तर विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे दीड तास धरा आणि बैठक साडेअकराच्या आधी घेऊच नका. पुण्याहून जाणाऱ्यांनीही हेच गणित मांडावं, फक्त लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तिथून दिल्लीला मुंबईइतक्या फेऱ्या नाहीत. त्यामुळे "माझ्यानंतर आणखी दोन फ्लाइट" ही अट रात्री पूर्ण होते का ते आधी बघावं, आणि होत नसेल तर परतीची फ्लाइट तासभर अलीकडची घ्यावी.

पहिल्या तारखेचा महिना आणि बैठकीचा नेमका पत्ता कळवलात तर त्या दिवसापुरती टर्मिनलं आणि फ्लाइट बघून सांगतो.